पुदिन्याचा चहा प्यावा, पण भूक मारायला नाही

पुदिन्याबद्दल आरोग्याच्या पानावर लिहायचे म्हटले की 'बहुगुणी' हा शब्द आधी आठवतो. पुदिना बहुगुणी, आवळा बहुगुणी, शेवगा बहुगुणी. मोबाईलवर तर रोज एक संदेश फिरत असतो : सकाळी अनशापोटी पुदिन्याचा चहा घ्या, वजन उतरेल, साखर ताब्यात येईल, रक्त शुद्ध होईल, चेहऱ्यावर तेज येईल. आपल्या वस्तीतल्या भगिनी हे संदेश वाचतात, एकमेकींना पाठवतात आणि काही जणी तसे वागतातही. म्हणून या विषयावर एकदा स्पष्ट लिहायचे ठरवले.

माझे मत असे आहे की पुदिन्याचा चहा घरोघरी व्हावा. तो स्वस्त आहे, चवीला चांगला आहे, आणि दिवसभरातल्या चार गोड चहांपैकी दोन जरी त्याने कमी केले तरी मोठे काम झाले. पण तो औषध नाही आणि जेवण तर मुळीच नाही. आपल्या वस्त्यांमध्ये चहा कशासाठी प्यायला जातो हे ज्याला माहीत आहे, त्याला या दुसऱ्या वाक्यावर मी एवढा जोर का देते ते कळेल.

आधी चहा करायचा कसा ते सांगते. कारण बऱ्याच जणी पुदिना चहापत्तीसारखा खळखळा उकळतात, मग 'पाल्याच्या पाण्यासारखे लागते' म्हणतात आणि सोडून देतात. दोन कपांसाठी सव्वादोन कप पाणी स्टीलच्या पातेल्यात ठेवावे. पुदिन्याची पंधरा-वीस पाने, कोवळे देठ असतील तर देठांसकट, चांगली धुऊन घ्यावीत आणि तळहातावर ठेवून हलकेच चोळावीत. पाण्याला जोरात उकळी आली की गॅस बंद करावा. मग पाने टाकावीत आणि लगेच झाकण ठेवावे. पाच-सात मिनिटांनी गाळून घ्यावे. पुदिन्याचा वास म्हणजे त्याच्या पानातले तेल, आणि ते वाफेबरोबर उडून जाते. चहा करताना सगळ्या खोलीत घमघमाट सुटला, तर समजावे की कपात फारसे काही उरलेले नाही. झाकण हा या चहाचा अर्धा मसाला आहे.

गवती चहाची गोष्ट उलटी. त्याची पाती चिवट असते, ती तीन-चार मिनिटे उकळावीच लागते. आले ठेचून तिच्याबरोबरच टाकावे. बाजारात भाजीवाल्या मावशी गवती चहा आणि पुदिना शेजारीशेजारी, कधी एकाच जुडीत बांधून विकतात, म्हणून बायका दोन्ही एकदम पातेल्यात टाकतात. तसे न करता गवती चहा आणि आले आधी उकळून घ्यावे, पुदिना शेवटी. चहापत्तीशिवाय चहा प्यायल्यासारखे वाटत नसेल तर चार कपांना एक लहान चमचा पत्ती पुदिन्याबरोबर टाकावी, पण मग तीन मिनिटांतच गाळावे, नाहीतर तुरट होतो. लिंबू कपात पिळावे, पातेल्यात नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट पदार्थ उकळला की त्या धातूचा अंश पाण्यात उतरतो, आणि अजूनही अनेक घरांत चहाचे पातेले ॲल्युमिनियमचेच असते. दूध घालायचे असेल तर लिंबू नको, दूध फाटेल. दुधाच्या चहातही पुदिना चालतो. चहा नेहमीसारखा उकळून झाला की शेवटी सात-आठ पाने टाकून झाकायचा.

दुकानात अलीकडे 'मोरोक्कन मिंट' अशा नावाची पाकिटे दिसतात. दोऱ्याला बांधलेल्या पुड्या, वर 'पारंपरिक' असा शिक्का, आणि किंमत अशी की त्यात घरातली महिनाभराची चहापत्ती यावी. मोरोक्को हा आफ्रिकेच्या वायव्य टोकाचा देश आणि पुदिन्याचा चहा ही तिथल्या घराघरातली रीत, हे खरे. पाहुणा आला की तो करायचाच. पण तो नुसत्या पुदिन्याचा नसतो. चीनहून येणारी, बारीक गोळ्यांसारखी वळलेली हिरवी चहापत्ती किटलीत घालतात, उकळत्या पाण्याने ती विसळून ते पाणी फेकून देतात, म्हणजे कडवटपणा जातो. मग पुन्हा पाणी, मूठभर ताजा पुदिना, आणि साखर. साखर तिथे शंकूच्या आकाराच्या ढेपीत मिळते, ती फोडून मोठाले खडे टाकतात. नंतर किटली उंच धरून लहान काचेच्या ग्लासात धार सोडतात, वर फेस येतो. तो चहा इतका गोड असतो की आपला टपरीवरचा चहा त्याच्यापुढे अळणी वाटावा. पाकिटावरचा 'पारंपरिक' हा शब्द वाचून कोणी तो आरोग्यदायी समजू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

आणि ती परंपरा तरी किती जुनी? मोरोक्कोत चिनी हिरवा चहा सामान्य माणसापर्यंत पोहोचला तो एकोणिसाव्या शतकात. १८५३ ते १८५६ या काळात क्रिमियाचे युद्ध झाले, इंग्रज व्यापाऱ्यांचा उत्तर युरोपातला बाजार बंद पडला, आणि अडून राहिलेला चहा त्यांनी मोरोक्कोच्या टँजिअर आणि मोगादोर या बंदरांत उतरवला. पुदिना तिथे आधीपासून होताच, त्याला चहा येऊन मिळाला. आपली गोष्ट काही वेगळी नाही. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला १८३९ साली. १९०३ मध्ये इंग्रज सरकारने चहावर एक उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. गिरण्या, खाणी, कारखाने, रेल्वे स्टेशने या ठिकाणी चहाचे ठेले उभे राहिले. आपले आजे-पणजे गावकी सोडून मुंबईच्या गिरण्यांत आले, तेव्हा त्यांना चहाची सवय लागली ती आपोआप लागलेली नाही. चहा पिणारा कामगार दुपारच्या पाळीत पेंगत नाही आणि जेवणाची वेळ थोडी पुढे गेली तरी कुरकुर करत नाही, हे मालकांना चांगले कळत होते.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवली, कारण चहाचे नाते भुकेशी आहे. पण त्याआधी मानाचे बोलते. गावच्या हॉटेलात आपल्या माणसांसाठी वेगळी कपबशी असे, ती बाहेर ठेवलेली असे आणि चहा पिऊन ज्याची त्याने धुऊन ठेवावी लागे. हे ज्यांनी भोगले ते आजोबा अजून काही घरांत आहेत. म्हणून आपल्या घरी कोणी आले तर त्याला दुधाचा, भरपूर साखरेचा, आले-वेलची घातलेला चहा चांगल्या कपात द्यायचा, यात नुसता पाहुणचार नसतो. 'कोरा चहा' देणे म्हणजे घरात दूध नाही हे जाहीर करणे, असे आपल्या आयाबायांना वाटते. त्यांना कोणी सांगू लागले की दूध-साखर सोडा, पाल्याचा चहा प्या, तर ते त्यांच्या मनाला लागते, आणि लागायलाच हवे. दोन बेडरूमच्या घरात बसून 'ग्रीन टी' पिणाऱ्यांनी वस्तीला साधेपणाचे धडे देऊ नयेत. पुदिन्याचा चहा हा दूध न परवडणाऱ्यांचा चहा नाही. पाहुण्याला दुधाचा हवा तर दुधाचाच द्या. मी बोलते आहे ते घरातल्या घरात, कोणी आलेले नसताना होणाऱ्या चहांबद्दल.

त्यांचा हिशेब करून बघा. एका कपात दोन चमचे साखर, एक चमचा म्हणजे साधारण पाच ग्रॅम. दिवसाला चार कप झाले तर चाळीस ग्रॅम, महिन्याला एक किलो दोनशे ग्रॅम, एका माणसाची, नुसत्या चहातली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमपर्यंत ठेवता आली तर उत्तम. म्हणजे चहाच ती मर्यादा ओलांडतो. बिस्किटे, खारी, लग्नातला बुंदीचा लाडू हे सगळे वेगळेच. पुदिन्याच्या चहाचा मला दिसणारा खरा फायदा इथे आहे. पुदिन्याला स्वतःची एक गोडसर चव असते, त्यामुळे त्यात एक चमचा साखर पुरते, आठ-दहा दिवसांनी अर्धा चमचाही पुरतो. दुधाच्या चहात साखर कमी केली की तो बेचव लागतो आणि घरातला पुरुष कप परत करतो. गुळाने साखर टळते असेही कोणी समजू नये. गूळ हीसुद्धा साखरच आहे. मधुमेह असलेल्याने गूळ घातलेला चहा 'चालतो' म्हणून पिऊ नये.

आता भुकेकडे येते. पहाटे पाचला नळाला पाणी येते म्हणून उठणारी बाई, पाणी भरून, डबे करून, मुलांना शाळेत धाडून सात-साडेसातला कामावर निघते. कुणी चार घरची धुणीभांडी करते, कुणी झाडलोटीच्या कामावर जाते, कुणी भाजीच्या पाट्या उतरवते. तिच्या पोटात काय असते? चहा. फार तर चहात बुडवलेला एक बटर किंवा रात्रीच्या चपातीचा तुकडा. ज्या घरी काम करते तिथे आणखी एक चहा. मग दुपारी दोन-अडीचला घरी येऊन पहिले जेवण, आणि तेही सगळ्यांचे झाल्यावर उरलेले. मधल्या आठ-नऊ तासांत भूक लागली की ती म्हणते, 'जरा चहा टाकते.' चहाने भूक मरते हे तिने कोणाकडून ऐकलेले नसते, तिचे पोट तिला सांगत असते.

अशा बाईला 'अनशापोटी पुदिन्याचा चहा' हा सल्ला देणे मला अपराधासारखे वाटते. दुधाच्या चहातून तिला निदान थोडे दूध आणि साखरेची ताकद तरी मिळत होती. पुदिन्याच्या चहात तेही नाही. ज्याचे पोट भरलेले आहे आणि ज्याला वजन कमी करायचे आहे, त्याच्यासाठी लिहिलेला सल्ला ज्यांना पोटभर मिळत नाही त्यांच्या हाती पडतो आहे. तरुण मुलींचे तर मी वेगळेच बघते. कॉलेजला जाताना डबा न्यायचा नाही, सकाळी फक्त 'हर्बल टी', कारण बारीक व्हायचे आहे. त्यांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली तर आतून पांढरी दिसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात ६९ च्या आसपास. रक्त कमी म्हणजे नक्की काय? गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिला रक्तक्षय आहे असे धरतात, गरोदर बाईचे ११ च्या खाली. वस्तीत सात-आठ हिमोग्लोबिन घेऊन कामाला जाणाऱ्या बायका आहेत. जिना चढताना दम लागतो, पाय दुखतात, केस गळतात, आणि त्या म्हणतात, 'वयच झालं आता.' वय पस्तीस.

चहाचा आणि रक्ताचा थेट संबंध आहे आणि तो या संदेशांमध्ये कधीच लिहिलेला नसतो. चहातला तुरटपणा ज्या द्रव्यांमुळे येतो, ती द्रव्ये पोटात जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. पालेभाजीतले, डाळीतले, भाकरीतले लोह विशेषकरून अडते. बहुतेकांची समजूत अशी की हा दोष काळ्या चहाचा आहे, पुदिना-बिदिना त्यातून मोकळे. तसे नाही. १९९९ साली पोषणशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकात एक तपासणी प्रसिद्ध झाली. माणसांना पावासोबत वेगवेगळी पेये देऊन पावातले लोह किती शोषले जाते ते मोजले होते. काळ्या चहाबरोबर हे शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटले. पेपरमिंटच्या चहाबरोबर ते ८४ टक्क्यांनी घटले. पेपरमिंट हा आपल्या स्वयंपाकातल्या पुदिन्याचा सख्खा भाऊ, त्याच कुळातला. तेव्हा पाकिटावर 'हर्बल' लिहिले म्हणून तो जेवणाबरोबर घ्यायला हरकत नाही, असे समजायचे कारण नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. जेवण आणि चहा यांत निदान एक तास, जमल्यास दीड तास अंतर ठेवावे. जेवल्याबरोबर चहा, ही सवय सोडावी, मग तो कुठलाही चहा असो. सकाळी कामावर निघण्याआधी चहा जरूर घ्यावा, पण त्याच्या आधी काहीतरी चावून खाल्लेले असावे : मूठभर शेंगदाणे, एक केळे, उकडलेले अंडे, रात्रीची भाकरी-चटणी. वेळ नसेल तर ते हातात घेऊन वाटेत खावे, आणि चहा कामावर पोचल्यावर घ्यावा. लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो हे जेवणात असले तर लोह जास्त अंगी लागते, म्हणून लिंबाची फोड कपात पिळण्याऐवजी डाळीवर पिळली तर जास्त उपयोगी. ज्या घरी मांसाहार चालतो त्यांनी कलेजी, सुकट, बोंबील, जमेल तेव्हा मटण खावे. त्यातले लोह शरीर भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा चांगले घेते.

आशाताई लोहाच्या गोळ्या आणून देतात, गरोदर बाईला लाल, शाळा-कॉलेजच्या मुलींना निळी. ही गोळी चहाबरोबर घेऊ नये. पुष्कळ घरांत ती नेमकी चहाच्या घोटाबरोबरच घेतली जाते, कारण सकाळची वेळ लक्षात राहते. मग 'गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही' अशी तक्रार येते आणि गोळ्या डब्यात पडून राहतात. गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, रात्री जेवणानंतर तासाभराने घेतली तरी चालते. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये.

मग पुदिन्यात औषधी असे काहीच नाही का? आहे, पण जपून बोलावे लागते. पेपरमिंटचे तेल विशिष्ट आवरणाच्या कॅप्सूलमधून दिले, तर आतड्याच्या मुरड्याच्या एका जुनाट विकारात आराम पडतो, हे डॉक्टर मानतात. पण ते तेल, तेही मोजून, आणि तेही पेपरमिंटचे. आपल्या घरचा पुदिना निराळ्या जातीचा आहे. पेपरमिंटमध्ये मेंथॉल भरपूर असते, आपल्यात ते फारच थोडे. आपल्या पुदिन्याचा वास दुसऱ्याच एका द्रव्याचा असतो. जेवण जड झाल्यावर, पोट फुगल्यासारखे वाटल्यावर गरम पुदिन्याचे पाणी घोटघोट घेऊन बरे वाटते, त्यात गरम पाण्याचाही वाटा आहे. बरे वाटते तर घ्यावे. ज्यांना छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येते, त्यांचा त्रास मात्र पुदिन्याने वाढू शकतो. आपण नेमके त्यांनाच पुदिना पाजतो. आणि मेंथॉलने जो गारवा जाणवतो तो जिभेवरच्या आणि कातडीवरच्या थंडीच्या जाणिवेला डिवचल्यामुळे, अंग खरोखर गार होत नाही. पुदिन्याने ताप उतरत नाही.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती 'गॅस झालाय' या दोन शब्दांची. रात्री अकराला पंचेचाळीस वर्षांचा माणूस छातीवर हात ठेवून बसतो, घाम फुटलेला असतो. घरचे म्हणतात, 'संध्याकाळी भजी खाल्ली, गॅस झालाय, पुदिना उकळून दे.' पुदिना होतो, ओवा होतो, मग सोडा होतो, आणि दीड-दोन तास जातात. हृदयविकारात हेच दोन तास मोलाचे असतात. छातीत दाब वाटणे, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, घाम, दम लागणे, यातले काहीही असेल तर स्वयंपाकघरात जायचे नाही, १०८ ला फोन करायचा. बायकांमध्ये तर कधी छातीत दुखतही नाही, नुसती मळमळ, थकवा आणि पोटाच्या वरच्या भागात अवघडलेपण असते. मधुमेह असलेल्यांचेही तसेच. 'गॅस' म्हणून त्यांना घरी ठेवले जाते. तसेच पोटाचे : बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारे दुखणे, सोबत ताप आणि उलट्या, हे पुदिन्याने बघायचे दुखणे नाही.

लहान मुलांबद्दल दोनच गोष्टी. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पुदिन्याचा अर्क नको, पाणीही नको. सर्दी झाली म्हणून बाळाच्या नाकाला मेंथॉलचे किंवा कापराचे मलम लावू नये, त्याने तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो. मोठ्या मुलाला जुलाब लागले तर ओआरएसचे पाणी आणि झिंकच्या गोळ्या द्याव्या, त्या आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

आता पुदिना आणायचा कुठून, आणि तो धुवायचा कसा. मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला जो हिरवागार भाजीपाला दिसतो, त्याला बऱ्याच ठिकाणी गटाराचे पाणी दिले जाते, हे लोकलमधून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. जुडी कुठली हे बाजारात कोणी सांगत नाही. म्हणून मुळे आणि खालचे चिखलाचे देठ कापून टाकावेत, पाने मोठ्या भांड्यात बुडवून हलवावीत, पाने वर काढून घ्यावीत आणि तळाला बसलेला गाळ फेकावा. असे तीन वेळा. नळाच्या धारेखाली जुडी नुसती भिजवून काही होत नाही. पाण्याची टंचाई असेल तर तिसरे पाणी झाडाला किंवा संडासाला वापरावे. उकळते पाणी पडले की जंतू बहुतेक मरतात. चटणीतला किंवा पाणीपुरीतला कच्चा पुदिना त्या मानाने जास्त धोक्याचा, पावसाळ्यात कावीळ आणि टायफॉइडची साथ असते तेव्हा तर फारच. पण गटाराच्या पाण्यातून आलेले शिशासारखे धातू उकळून जात नाहीत. त्यावर घरी लावलेला पुदिना हाच खात्रीचा मार्ग.

आणि तो लावायला बाग लागत नाही. बाजारातल्या जुडीतल्या चार-पाच जाड काड्या निवडाव्यात, खालची पाने काढून काड्या पाण्याच्या ग्लासात उभ्या ठेवाव्यात. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे फुटतात. मग तेलाच्या जुन्या डब्यात किंवा रंगाच्या बादलीत, तळाला भोके पाडून, माती आणि थोडे कुजलेले शेण किंवा खत घालून लावाव्यात. पुदिना आडवा पसरतो, म्हणून उंच डब्यापेक्षा पसरट घमेले बरे. दिवसभराचे ऊन लागत नाही, सकाळचे दोन-तीन तास मिळाले तरी वाढतो. म्हणूनच चाळीच्या खिडकीच्या जाळीत किंवा झोपडीच्या पत्र्याखालीही तो जगतो. माती ओली हवी, तांदूळ धुतलेले पाणी त्याला चालते. वरून खुडत राहावे म्हणजे खालून फुटतो.

एक गोष्ट मात्र पाळायची. मुळे फुटायला ठेवलेल्या ग्लासातले पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचे, आणि कुंडीखाली ताटली ठेवत असाल तर तिच्यात पाणी साचू द्यायचे नाही. डेंग्यूचा डास असल्या स्वच्छ, थोड्याशा पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे डास होतात. ताटलीत वाळू भरून ठेवली तर पाणी उघडे राहत नाही.

झाड मोठे झाले की एकदम खुडलेली पाने सावलीत कापडावर पसरून वाळवावीत, उन्हात नको, वास जातो. कुरकुरीत झाली की घट्ट झाकणाच्या बरणीत भरावीत. वाळलेला पुदिना दोन कपांना एक चमचा पुरतो. ते दुकानातले महागडे पाकीट म्हणजे याहून फार वेगळे काही नाही.

विहारात रविवारच्या कार्यक्रमानंतर चहा असतोच. तिथे एकदा करून बघायला हरकत नाही. पन्नास लहान कपांसाठी सहा लिटर पाणी, गवती चहाच्या दोन जुड्या, पाव किलो आले, पुदिन्याच्या चार मोठ्या जुड्या. गवती चहा आणि आले उकळून घ्यायचे, गॅस बंद करून पुदिना टाकायचा, वर ताट झाकायचे, दहा मिनिटांनी गाळायचे. साखर पातेल्यात घालायची नाही, डबा आणि चमचा शेजारी ठेवायचा, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला 'माझा बिनसाखरेचा' असे चारचौघांत सांगत बसावे लागत नाही.